ओतण्याआधी

भिंतीला टेकून किंवा मांडी घालून, जसं सोयीचं पडेल तसं बसा. डोळे मिटायची गरज नाही. उजव्या कानाच्या तोंडाशी एक छोटी मऊ कूर्चा असते, तिच्यावर बोट ठेवा आणि ती आत दाबून कान बंद करा. डावा कान मोकळा राहू द्या. आता ओठ मिटून, भ्रामरीत काढतात तसा एकसुरी हुंकार काढा. लांब, श्वास पुरेल तिथवर.

आवाज कुठल्या बाजूला आला?

पुन्हा एकदा करून पाहा, कारण पहिल्या वेळी विश्वास बसत नाही. हुंकार उजवीकडे जातो, म्हणजे जो कान आपण बंद केला तिकडेच. बोट काढलं की तो परत डोक्याच्या मध्यावर येतो.

कान-नाक-घशाच्या ओपीडीत ट्यूनिंग फोर्क लावून नेमकं हेच तपासतात. ५१२ हर्ट्झचा तो धातूचा दुबेळका हलकेच आपटायचा, त्याची दांडी रुग्णाच्या कपाळावर मधोमध टेकवायची आणि विचारायचं, कुठे ऐकू येतं? एका कानाच्या पडद्याला भोक असलेला माणूस बहुधा त्याच कानाकडे बोट दाखवतो. मग जरा ओशाळतो. आपण चुकीचं उत्तर दिलं असं त्याला वाटतं, कारण तोच तर त्याचा अधू कान.

या गोष्टीपाशी थोडं थांबू. फुटलेला कान मेलेला नसतो. आतली शंखाकृती नळी आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस बहुतेकदा शाबूत असते. बाहेरचा आवाज तिथवर पुरेसा पोचत नाही, म्हणून हाडांतून येणारा स्वतःचा आवाज मोठा होतो. बाहेरच्या गलक्याखाली एरवी झाकला जाणारा हा आवाज त्या कानात उघडा पडतो. संध्याकाळी गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सुरू होते, खंजिरी वाजते, तेव्हा मागच्या रांगेत असा एखादा माणूस असतो. त्याला स्वतःचा स्वर स्वच्छ ऐकू येतो आणि बाकीच्यांचा जणू भिंतीपलीकडून. श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम आपण सहज म्हणून जातो. त्याची पहिलीच पायरी ज्याची ढासळली आहे, त्या माणसाचं आज मनन करू.

आता एक आवंढा गिळा. कानात बारीक 'टक्' झालं असेल. नसेल झालं तर जांभई द्या. नाकामागच्या पोकळीपासून मध्यकर्णापर्यंत जाणारी एक नळी क्षणभर उघडली आणि मिटली, तिचा हा आवाज. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीररचनाकाराने तिचं वर्णन केलं, म्हणून ती युस्टाचियन नळी. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि उतरती असते. तान्ह्या मुलात ती जवळपास निम्मी, रुंद आणि आडवी असते. सर्दी झालेल्या लेकराच्या नाकातले जंतू कानात चढतात ते याच वाटेने.

लक्ष आणखी आत न्या, पण बाहेरच्या बाजूने. कानाच्या छिद्रापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर पडदा आहे. मोत्यासारखा राखाडी, सेंटिमीटरभर उंच, जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्याच्या पलीकडे मध्यकर्ण. तिथे हवा मावते जेमतेम मिलिलिटरभर, म्हणजे औषधाच्या वीसेक थेंबांएवढी. तेवढ्या जागेत तीन हाडं एकमेकांना टेकून उभी आहेत. शेवटचं रिकीब, तीन मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. छताला हाडाचा पातळ पापुद्रा आणि त्यावर थेट मेंदूचं आवरण. मागे मॅस्टॉइडची पोकळ हाडं. चेहऱ्याची नस याच खोलीच्या भिंतीतून जाते. ही रचना मनात नीट बसू द्या. पुढे जे सांगायचं आहे ते एवढ्याशा जागेत घडतं.

लेकराला सर्दी होते, रात्री कान ठणकतो, घर जागतं. पहाटे पडदा फुटतो, पू बाहेर येतो, दाब उतरतो आणि दुखणं थांबतं. मूल झोपतं. आई निःश्वास सोडते, तिने का सोडू नये? बहुतेक वेळा पडदा आपोआप सांधतोही. काही वेळा सांधत नाही. मग सर्दी झाली की कान वाहतो, नदीत डुंबलं की वाहतो, मधूनच थांबतो, पुन्हा वाहतो. पण दुखत नाही.

सगळी गोम या न दुखण्यात आहे. आमच्याकडे दात दुखला तर माणूस वर्ध्याला येतो, पोट दुखलं तर मिळेल त्या वाहनाने येतो. वाहत्या कानाबद्दल मात्र एवढंच म्हणतात, "थोडासा वाहते, पण दुखत नाही." दहा-दहा वर्षं. उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग, कानात कापसाचा बोळा, वर्गात मागे बसायची सवय, जवळ आलेल्याचं किंचित मागे सरणं. जे दुखत नाही ते आपल्या लक्षातून गळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली मांडलेल्या अंदाजात जगभर साडेसहा कोटी ते तेहेतीस कोटी लोकांचे कान असे वाहत होते. आकडा असा ऐसपैस का, हा प्रश्न मला त्या आकड्याहून मोठा वाटतो. ज्याची कुणी तक्रारच करत नाही, ते मोजणार तरी कसं?

बरं, लक्ष गेलं तर काय करतात? ओततात. लसूण परतून कोमट केलेलं गोडेतेल, पाल्याचा रस, मेडिकलवाल्याने दिलेले थेंब, शेजारणीकडे उरलेले थेंब. मान एका बाजूला, बाटली वर, दोन थेंब, मग कापूस. यात माया आहे हे कोण नाकारेल? आजीच्या मांडीवर डोकं ठेवून कानात कोमट तेल पडतानाचं सुख अनेकांना ठाऊक असेल. पण पडद्याला भोक असलेल्या कानात ते तेल मध्यकर्णात जातं आणि ओल धरून राहतं. जेंटामायसिनसारखे काही थेंब तर भोकातून आत झिरपून अंतर्कर्णालाच इजा करू शकतात. ओतणाऱ्या कुणालाच ठाऊक नसतं की आत कोण आहे.

आता अशा माणसांकडे वळू जी ओतण्याआधी आतलं थोडं बाहेर काढून बघतात. ती जिथे काम करतात त्या सेवाग्रामच्या रुग्णालयाची गोष्ट थोडी मागून सुरू होते.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत वारल्या. डॉ. सुशीला नायर तिथे त्यांच्यासोबत होत्या. शेवटच्या दिवसांत देवदास गांधींनी पेनिसिलिन मागवलं होतं. त्या काळी ते मोठ्या मुश्किलीने मिळे. ते टोचावं लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं आणि ते दिलं गेलं नाही. त्या निर्णयावर मत देण्याची ही जागा नाही. पुढच्याच वर्षी सेवाग्रामला बायका-मुलांसाठी कस्तुरबांच्या नावाचा छोटा दवाखाना सुरू झाला आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुशीलाताईंनी त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथले विद्यार्थी खादी घालतात, प्रत्येक तुकडी एखादं गाव दत्तक घेते. तिकडे सावंगीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. कोणत्या जंतूवर कोणतं प्रतिजैविक चालतं हे बघण्याचं काम अशा रुग्णालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात रोज होतं, कस्तुरबांच्या नावाच्या रुग्णालयातही. मला हे विसंगत वाटत नाही. काय टोचतोय, कशासाठी टोचतोय, हे आधी नक्की करणं त्या आग्रही म्हाताऱ्यालाही पटलं असतं असं वाटतं. पण हा माझा तर्क.

नमुना घेण्याची रीत मनातल्या मनात सावकाश करून पाहू. निर्जंतुक काडी, टोकाला कापूस. वर्धा हा कापसाचा मुलूख, पण हा कापूस वेगळा, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेला. ती लगेच कानात घालायची नाही. आधी कानाची बाहेरची नळी पुसून घ्यायची, कारण तिथे त्वचेवरचे जंतू नेहमीच वस्तीला असतात. तेच काडीला लागले तर अहवाल येईल त्यांचा, आणि आपण समजू की आतल्यांचा. मग नवी काडी घेऊन, कडेला न टेकवता, भोकाजवळच्या पुवापर्यंत न्यायची आणि तशीच परत आणायची. अशा दोन काड्या. काम मिनिटभराचं, पण हात स्थिर लागतो आणि रुग्णानेही हलायचं नसतं. लहान मूल असेल तर आईने त्याचं डोकं छातीशी धरायचं.

पहिली काडी काचेवर फिरवतात. हान्स ख्रिश्चन ग्राम या डेन्मार्कच्या डॉक्टरने १८८४ मध्ये जी रंगवण्याची पद्धत सांगितली, तीच थोड्याफार बदलांसह आजही. जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुणं, शेवटी गुलाबी रंग. काही जंतू जांभळा धरून ठेवतात, काही सोडून देतात आणि गुलाबी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसतात त्या शरीराच्याच पांढऱ्या पेशी, कित्येक फुटलेल्या. आपण ज्याला घाण म्हणून नाक मुरडतो, तो पू बव्हंशी आपल्याच बाजूने लढून पडलेल्यांचा आहे. त्यांच्यामध्ये कुठे जांभळ्या ठिपक्यांचे घोस, कुठे गुलाबी काड्या.

दुसरी काडी तबकडीवर रेघोट्या ओढून फिरवतात. तबकडीत असतं अगार, समुद्री शेवाळापासून निघणारं, चायना ग्रास म्हणून आपल्याकडे किराणा दुकानात मिळतं त्याच्या जातीचं. आधी जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळे. वॉल्टर हेसे नावाच्या संशोधकाची बायको फॅनी घरी मुरंब्यासाठी अगार वापरायची. १८८१-८२ च्या सुमारास तिने ते सुचवलं आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेची अडचण मिटली. वर्ध्यात बसून हा किस्सा वाचताना फॅनीबाईंचे आभार जरा जास्तच वाटतात. इथे मार्चपासूनच जिलेटिनचं पाणी झालं असतं. जंतू वाढवायची पेटी ३७ अंशांवर ठेवतात, आणि मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. बाहेरून येणाऱ्याला ती पेटीच गार वाटावी.

मेंढीचं रक्त मिसळलेलं अगार एका तबकडीत, मॅकॉन्की अगार दुसऱ्या तबकडीत. झाकण. नाव आणि नंबर. पेटीचं दार बंद.

आता रात्रभर काही करायचं नाही.

ही रात्र आपणही धरू. श्वास येतो, जातो. अनुकूल परिस्थितीत यातले कित्येक जंतू अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. तुम्ही वाचायला बसल्यापासून एखादी दुपटी होतही आली असेल. दहा तासांत वीस दुपटी, म्हणजे एकाचे दहा लाखांहून जास्त. तेव्हा कुठे डोळ्यांना एक ठिपका दिसतो. घाई करून हे होत नाही. अपरात्री दार उघडून पाहिलं तर तबकडी जवळपास कोरीच दिसेल. रुग्ण गावी परतलेला आहे आणि त्याचा कान उशीवर वाहतो आहे. उत्तर देण्याआधी एक रात्र थांबण्याची सवय आपल्यापैकी किती जणांना असते? मला तर व्हॉट्सॲपच्या निरोपाला पाच मिनिटं उशीर झाला तरी चुटपुट लागते.

सकाळी दार उघडतं. जुनाट वाहत्या कानात भारतभर पुन्हा पुन्हा सापडणारी दोन नावं आहेत, स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस. कुठे पहिलं वर, कुठे दुसरं. प्रोटियस, क्लेब्सिएला, ई. कोलाय ही नावंही येतात, आणि कधी ॲस्परजिलससारखी बुरशी. मूळ सर्दीतल्या कानदुखीचे जे मानकरी, न्यूमोकोकस वगैरे, ते बहुधा केव्हाच निघून गेलेले असतात. दार फोडणारा वेगळा आणि मग उघड्या घरात बिऱ्हाड थाटणारे वेगळे.

स्यूडोमोनासची तबकडी हातात घ्या. अगार पोपटी-निळसर झालेलं, वसाहतींवर धातूसारखी चकाकी. वास गोडसर, पिकल्या द्राक्षांचा म्हणतात. हा वास मुद्दाम तबकडी नाकाशी नेऊन घ्यायचा नसतो, तरी प्रयोगशाळेत उभ्या माणसाला तो कळतोच. १८८२ मध्ये कार्ल गेसार नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाला मलमपट्ट्या निळ्या-हिरव्या का होतात हा प्रश्न पडला होता, त्यातून या जंतूची ओळख पटली. तो राहतो पाण्यात आणि ओलसर मातीत, विहिरीच्या कठड्यापासून बेसिनच्या नळीपर्यंत. त्याला माणसाचा कान हवाच होता असं नाही. ओल मिळाली, ऊब मिळाली, दार उघडं होतं. धाम नदीत पोहणाऱ्या पोराच्या कानातलं पाणी आणि आजीचं तेल त्याच्या दृष्टीने सारखंच. त्याच्यावर रागवावं असं यात काही सापडत नाही. मी शोधून पाहिलं.

स्टॅफिलोकोकसचे ठिपके सोनेरी. पुवात हे गोल जंतू घोसाघोसाने असतात हे ॲबर्डीनच्या अलेक्झांडर ऑगस्टन या शल्यविशारदाने १८८० च्या सुमारास दाखवलं. प्रोटियस तर ठिपक्यात राहतच नाही, सबंध तबकडीवर पसरतो, थांबतो, पुन्हा सरकतो, आणि त्या थांबण्या-सरकण्याची वलयं अगारवर उमटतात. गुस्ताव हाउजरने १८८५ मध्ये त्याला रूपं बदलणाऱ्या ग्रीक समुद्रदेवाचं नाव दिलं. त्या देवाला घट्ट धरून ठेवलं तर तो खरं सांगायचा, अशी कथा आहे.

खरं सांगायला लावायचा दिवस पुढचा. जंतू नव्या तबकडीवर दाट पेरून वर प्रतिजैविकांत भिजवलेल्या सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात. पुन्हा एक रात्र. ज्या चकतीभोवती जंतू वाढले नाहीत तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास मोजपट्टीने मोजायचा आणि तक्त्याशी ताडायचा. बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही रीत प्रमाणित केली. काही चकत्यांभोवती वर्तुळच नसतं, जंतू कागदाच्या काठापर्यंत बिनधास्त. उरलेले थेंब, अर्धवट सोडलेल्या गोळ्या, दुकानातून मागून नेलेल्या कॅप्सूल यांचा हिशेब त्या काठावर लिहिलेला असतो.

इथे जरा सावध बसा, कारण अहवाल हातात आला की तोच सगळं सत्य वाटायला लागतो. चकत्यांचं गणित मुख्यतः पोटातून किंवा शिरेतून दिलेल्या औषधाचं आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ०.३ टक्के थेंबात दर मिलिलिटरला ३००० मायक्रोग्रॅम औषध असतं. गोळी घेऊन रक्तात पोचतं त्याच्या साधारण हजारपट. म्हणून कागदावर 'रेझिस्टंट' लिहिलेलं औषध कानात थेंबाने कधी कधी चालून जातं. उलटही होतं. जंतू स्वतःभोवती चिकट थर विणून त्यात एकत्र राहतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि तबकडीवर सहज मरणारा जंतू त्या थरात तग धरतो. शिवाय ज्यांना हवा सोसत नाही असे जंतू साध्या तबकडीवर उगवतच नाहीत. तबकडी खोटं बोलत नाही, पण तिला विचारलं तेवढंच ती सांगते. चांगला डॉक्टर अहवाल वाचून पुन्हा एकदा कानात बघतो. मला त्याचं हे दुसऱ्यांदा बघणं फार आवडतं.

आणि उपचाराची पहिली पायरी तरी काय? कान कोरडा करणं. कापसाची वात करून हलक्या हाताने पू टिपायचा, वात भिजली की बदलायची, मग थेंब. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला बोळा. पोहणं बंद. ऐकायला सोपं, आषाढात पऱ्हाटीच्या शेतात डवरणाऱ्या माणसाला विचारा. कान कोरडा राहिला तर पुढे कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून पडद्याला ठिगळ लावता येतं. पण भोक पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात असेल, पू थोडाच पण फार घाण वासाचा असेल, तर आत कातडीची गाठ वाढून हाड कुरतडत असण्याची शक्यता असते. ती खोली किती लहान आणि तिच्या भिंतीपलीकडे काय आहे, ते मघाशी पाहिलं. वाहत्या कानासोबत डोकं दुखलं, ताप आला, चक्कर आली, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा कानामागे सूज आली तर तबकडीच्या रात्रीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं.

आता तुमच्या ओळखीतला एक वाहता कान आठवा. तो असतोच, घरात नाही तर गल्लीत, नाही तर सालदाराच्या पोराचा. चेहरा समोर आणा. त्याच्याशी बोलताना आपण कुठल्या बाजूला उभे राहतो, आवाज किती चढवतो, तो "हो" म्हणतो तेव्हा खरंच ऐकलेलं असतं का, हे बघा. दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल तर तो जुनाटच म्हणायचा. त्याला घेऊन सेवाग्रामला किंवा सावंगीला जायचं ठरलं, तर खिडकीत ठेवलेली थेंबांची अर्धी बाटली मध्येच कानात रिकामी करू नका आणि फेकूनही देऊ नका. पिशवीत टाकून सोबत न्या. तेल घातलं असेल तर तेही सांगा, कुणी रागावलं तरी चालेल. नमुना घेणाऱ्याला आधी काय ओतलं होतं हे कळलं, तर परवा तबकडीवर काही उगवलं नाही तरी कान स्वच्छ आहे असा अर्थ तो काढणार नाही.